पाटी रंगवण्याआधी

भाचीबाई, कराटेच्या क्लाससाठी परळच्या शाळेचा हॉल संध्याकाळचा मिळाला, मॅट आल्या, आणि आता पाटीवर काय लिहायचं ते तू मला विचारतेयस. तुझ्या आईचं म्हणणं, ‘ब्लॅक बेल्ट’ एवढं मोठं लिही की परळच्या पुलावरून वाचता आलं पाहिजे. तिचं ऐकून घे, मान हलव, आणि मग हे वाच.

१. कुणाकडे शिकलीस, कुठे, किती वर्षं आणि कुठली शैली, एवढंच साध्या अक्षरात लिही — पालकांना डानचा, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांचा, हिशेब कळत नाही, पण कुणाला फोन करून चौकशी करायची ते बरोबर कळतं. ज्याला गुरू सांगता येत नाही, त्याला डाव विचारू नये.

२. तुझ्या सरांचं नाव तुझ्या नावाच्या वर असू दे. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव स्वतः केवढे नामांकित, तरी आखाड्याला नाव वस्तादांचं, जुम्मादादा व्यायाम मंदिर — वरचं नाव वाचून लोक खालच्यावर भरवसा टाकतात.

३. डान असेल तेवढाच सांग, आणि तो कुणी दिला तेही सांग. ज्युदोत जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये पहिले डान दिले, कराटेत फुनाकोशींनी १९२४ मध्ये. तेव्हापासून डानची किंमत देणाऱ्यावर ठरत आली आहे. तायक्वांदोवाल्यांचं बरं आहे, कोरियातल्या कुक्कीवॉनकडे सर्टिफिकेट तपासून घेता येतं. कराटेत संघटना ढीगभर, शिक्के त्याहून जास्त. म्हणून सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावण्यापेक्षा फाइलीत ठेव आणि कुणी मागितलं तर लगेच दाखव — मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याबद्दल सगळी चाळ बोलते.

४. ‘ग्रँडमास्टर’ वगैरे स्वतःहून लावायचं नाही. तुझं वय सव्वीस आहे, गं.

५. पदक लिहिताना वर्ष, गाव आणि वजनगट लिही — नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हटलं की जाणता माणूस पहिलं विचारतो, गटात खेळाडू किती होते? आणि पोलिसांसमोर एक दिवस प्रात्यक्षिक केलं, तर ‘पोलिसांना प्रशिक्षण दिलं’ असं होत नाही.

६. एक संध्याकाळ काढ आणि दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन नुसती बघत बस. काळे गुरुजींनी १९२५ मध्ये ते सुरू केलं. तिथे शिकवतात तो मल्लखांब हा तुझा विषय नाही, ठाऊक आहे मला. पण तो मुळात पैलवानांचाच सराव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं, असं जुने लोक सांगत आले. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ती कशावर मिळाली ते बघ: मुली, दिव्यांग, अनाथ मुलं, आदिवासी, म्हातारी माणसं, परदेशातून आलेले, समोर येईल त्याला त्यांनी खांबावर नाहीतर दोरावर चढवलं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये झाली तीही शिवाजी पार्कवरच. तिथे बसलीस की चांगल्या पोरांच्या उड्या बघू नकोस, ज्याला येत नाही त्याच्याशी शिक्षक कसं वागतात ते बघ — शिकवणाऱ्याची परीक्षा सगळ्यात कच्च्या पोरावर होते.

७. शिकणं बंद करू नकोस, आणि शिकते आहेस हे मुलांना दिसू दे. खाशाबा जाधव लाल मातीत तयार झालेले; १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकेच्या रीस गार्डनरकडून गादीवरची कुस्ती शिकून घेतली आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं — आपल्याला सगळं येतं म्हणणाऱ्या वस्तादाचे पठ्ठे तिथेच थांबतात.

पाटीचं एवढं पुरे. पाटी रंगारी रंगवतो, नाव पालक रंगवतात. म्हणून आता हॉलच्या आतलं.

८. बेल्टची परीक्षा फीसाठी घेऊ नकोस. तयारी नसेल त्या मुलाला पुढच्या वेळी बस म्हण, आणि परीक्षेचा सगळा खर्च प्रवेशाच्या दिवशीच लिहून दे — पैशाचा वाद पहिल्या दिवशी होत नाही, चौथ्या बेल्टला होतो. घाईचा पट्टा लवकर विटतो.

९. डोक्याला मार लागला की त्या दिवसाचा सराव संपला, पोरगं कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणू दे. घरी फोन, डॉक्टर, आणि वहीत नोंद — मेंदूचा मार तासाभरानं, कधी रात्री डोकं वर काढतो, आणि त्यावर दुसरा बसला तर भारी पडतो.

१०. पकड दाखवताना आधी विचार, मगच हात लाव. हॉलचं दार उघडं, आणि मोठं माणूस कुणीतरी कायम बसलेलं. कुणा मुलानं भलतं काही सांगितलं, मग ते तुझ्या ओळखीच्या सरांबद्दल का असेना, तर आपसात मिटवायचं नाही, पोलिसांना कळवायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते आपल्यावर बंधनच आहे. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेव — अशा वेळी नंबर आठवत नाहीत.

११. डाव दाखवायला रोज त्याच एका मुलाला पाडू नकोस — हसणाऱ्यांच्या लक्षात डाव राहतो, पडणाऱ्याच्या लक्षात तू राहतेस.

१२. दहावीचे क्रीडागुण, नोकरीतला खेळाडू कोटा याबद्दल तोंडी शब्द देऊ नकोस. दर वर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचार आणि मगच बोल. ऑलिम्पिकचंही तसंच. कराटे टोकियोला होतं, २०२४ च्या पॅरिसला नव्हतं — स्वप्न दाखवणाऱ्याला पालक विसरतात, हिशेब मागायला मात्र परत येतात.

१३. महिला मंडळं एका दिवसाचं ‘स्वसंरक्षण’ मागतील. जा, पण ओरडणं, हात सोडवून पळणं आणि मदत मागणं एवढंच शिकव — दोन तासांत लढायला शिकवलं असं वाटून एखादी खरंच थांबून लढली तर?

१४. पावसात हिंदमाता चौकात पाणी भरायला लागलं की क्लास नाही. आणि दुपारीच कळव — पोरं तुझ्याकडे आणि आया दादर स्टेशनात, असं व्हायला नको. गणपतीत तर दहा दिवस सुट्टीच जाहीर कर. लालबागच्या त्या गर्दीतून पोरं तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, आणि पोचली तरी मन ढोलावर.

१५. शेजारच्या क्लासचे सर कसे शिकवतात, असं कुणी विचारलं तर ‘जाऊन बघा’ म्हण — आज त्यांच्याबद्दल बोललेलं उद्या त्यांच्याच मॅटवर पोचतं. भारतमाता थिएटर ते लालबाग नाक्यापर्यंत बातमीला बस लागत नाही.

१६. सोडून जाणाऱ्या मुलाला उरलेल्या महिन्याची फी परत दे, त्याच्या नव्या सरांना चार बऱ्या ओळी लिहून दे — गेलेला पठ्ठा बाहेर जे सांगतो, तेच लोक खरं धरतात.

१७. उद्घाटनाला मला स्टेजवर बसवून शाल-नारळ करू नकोस. मागे पालकांच्या बाकावर बसेन — क्लासबद्दल खरं काय ते तिथेच ऐकू येतं, आणि चहाही तिथे आधी येतो.