थंड पाण्याचे उकळणे

डोंगरमाथ्यावरील जलाशयातून गुरुत्वाने उतरणाऱ्या जलवाहिनीवर, गावच्या टाकीच्या तोंडाशी बसविलेली बटरफ्लाय झडप जेव्हा दुसऱ्यांदा निकामी झाली आणि तिच्या तबकडीच्या मागील अंगावर खोल, खरबरीत खड्डे आढळले, तेव्हा अधिक कठीण धातूच्या झडपेची तजवीज करावी, असा शेरा मारून कचेरीने ते प्रकरण माझ्याकडे चौकशीस पाठविले. जागेवरील व्हॉल्व्हमनने मात्र धातूचे नावही काढले नाही. तो एवढेच म्हणाला, "साहेब, रात्री व्हॉल्व्ह आवळला की आतून खडी वाहिल्यागत वाजतं."

नळात खडी नव्हती. अरुंद वाटेतून जाताना पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. तो बाष्पदाबाखाली गेला, म्हणजे थंड पाणीही तेथल्या तेथे उकळून त्यात बुडबुडे धरतात, आणि पुढे दाब सावरताच ते धातूलगत कोसळतात; यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. या कोसळण्याचे गणित लॉर्ड रेले यांनी १९१७ सालीच मांडले असून, त्यातून उद्भवणारे दाब ध्यानी घेता कठीण पोलादाने विनाश लांबतो, टळत नाही, हे मी कैफियतीत स्पष्ट लिहिले.

आमच्या झडपेआधी निरपेक्ष दाब दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो होता व नंतर २. आधीच्या दाबातून बाष्पदाब, म्हणजे सुमारे ०.०४, वजा करून बाकीस दोहोंच्या फरकाने, ७ ने, भागले असता १.२८ हा निर्देशांक येतो. तो जितका लहान, तितका कॅव्हिटेशनचा धोका मोठा. सुरक्षित मर्यादा झडपेच्या जातीवर व उघडिपीवर अवलंबून असल्याने ती निर्मात्याकडून लेखी मागून घ्यावी. दोन झडपा एकापुढे एक बसवून दाब वाटून घेणे हा खरा इलाज. परंतु वाटणी निम्मी-निम्मी केल्यास दुसरीचा निर्देशांक १.५६ वरच अडकतो. पहिलीने ९ वरून ४.२४ पर्यंत उतरविले, तरच दोघींचा १.८८ होतो.

निरपेक्ष दाब काढण्यासाठी गेजवरील आकड्यात हवेचा दाब मिळविताना घाटमाथ्याचा विसर पडू नये: महाबळेश्वरी तो समुद्रकाठापेक्षा सुमारे सातव्या हिश्शाने कमी असतो. पुढील मागणीच्या भरवशावर फाजील मोठी झडप घेतली की ती सदैव किलकिलीच राहते, आणि रात्री मागणी घटून दाब चढला की तिची दशा सर्वांत वाईट होते. सबब दोन्ही बाजूंस दाबमापक लावून मध्यरात्रीनंतरचे आकडे नोंदवहीत उतरवावेत व निविदेतील माप ठरविताना तेही हिशेबात धरावेत.