गुंडाचा तळ

शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी आमच्याकडे बऱ्याचदा पाठांतराने होते, माझीही तशीच झाली. भंडाऱ्यातल्या एका शिकवणीत आम्हा मुलींकडून गाइडमधली मोजकी स्मरणचित्रं घोटून घेतली होती. नारळाची झाडं, समुद्र, मावळता सूर्य आणि एक होडी. विषय कुठलाही येवो, त्यातलं एखादं चित्र थोडं फिरवून बसवायचं. वस्तुचित्रातही घडा कुठे, फडकं कुठे आणि सावली कुठल्या बाजूला हे आधीच ठरलेलं असे. या परीक्षेच्या इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली. या श्रेणीचे दहावीला ७ गुण वाढून मिळतात, बीचे ५ आणि सीचे ३. ते गुण मिळाले याचा आनंदच आहे. पण पुढे चित्रकला मनापासून शिकायला बसले, तेव्हा घरातला पितळी गुंड समोर ठेवून काढता येईना.

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. गुंड, गंज, गडवे आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मिळायचा नाही, कारण या भांड्यांत चित्रकलेचा पहिला धडा पुरता भरलेला आहे. गुंडाचं तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हात गोल काढतो. प्रत्यक्षात समोरून ते लंबगोल दिसतं. तोंड डोळ्यांच्या बरोबर पातळीत आलं तर नुसती आडवी रेघ दिसते. डोळ्यांखाली जसजसं जावं तसतसा लंबगोल उघडत जातो. म्हणून जमिनीवरच्या गुंडाकडे वरून पाहताना तोंडापेक्षा तळाची कड जास्त वळलेली दिसते. गुंड सपाट फरशीवर उभा आहे म्हणून तळाशी सरळ रेघ ओढली, की भांडं कागदावर बसतच नाही. माझ्या जुन्या वह्यांमधल्या प्रत्येक घड्याला तळाशी सरळ रेघ आहे. गाइडमधल्या चित्रालाही तशीच होती.

लंबगोल साधायचा तर आधी मधली उभी रेघ हलकी ओढा आणि दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहा. टोकं टोकदार होऊ देऊ नका, तिथेही रेघ वळते. पेन्सिल कागदावर टेकण्याआधी हात हवेतच त्या वळणावरून दोन-चार वेळा फिरवा, मनगट न वळवता खांद्यातून. मग एका दमात रेघ ओढा. चुकली तर खोडू नका, शेजारी दुसरी ओढा. खोडरबराने कागद साफ होतो, पण आधीची रेघ कुठे चुकली हे पाहायची सोयही जाते. झालेलं चित्र उलटं धरून पाहा, कललेली बाजू लगेच दिसते. एचबी पेन्सिल आणि पाठकोरे कागद एवढ्यावर हे सगळं होतं. महागाची वही घेतली की पान वाया जाईल या भीतीने हात आखडतो, हे मी अनेक मुलांत पाहिलं आहे.

मापाचं तंत्र सोपं आहे. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठा. गुंडाची रुंदी उंचीत किती वेळा मावते ते पाहा. हात कोपरात वाकला की माप बदलतं, एवढं मात्र सांभाळा.

छायाप्रकाशाची घाई करू नका, आणि सुरुवात पितळेपासून तर नकोच. घासलेल्या पितळेत खिडकी, दार, तुमचं स्वतःचं तोंडसुद्धा उमटतं. सर्वांत काळोखा आणि सर्वांत उजळ भाग एकमेकांना चिकटून येतात. नवशिका ती चमक रंगवत बसतो आणि भांड्याची गोलाई हरवते. त्यासाठी मातीचा कोरडा माठ घ्या. डोळे अर्धवट मिटून पाहिलं की उजेड, मधला भाग आणि सावली असे तीन पट्टे स्पष्ट वेगळे होतात. रेघेसाठी पितळ, छायेसाठी माती, हा क्रम मला उशिरा कळला. तुम्हाला आधीच कळावा म्हणून लिहिते आहे.

नक्कल करणं वाईट असं मी म्हणत नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. पण ते त्या भिंतीसमोर उभे होते. काय दिसतं आणि काय उतरलं याची पडताळणी त्यांना क्षणोक्षणी करावी लागत होती. गाइडमधली होडी पाठ करताना पडताळायला समोर काहीच नसतं.

स्मरणचित्राबद्दल तर मला फारच वाटतं. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याने का म्हणून समुद्र काढायचा? त्याने धानाची रोवणी पाहिली आहे. चिखलात वाकलेल्या बायांची पाठ जवळजवळ आडवी असते, डोकं कमरेच्या खाली जातं, एका हातात पऱ्ह्यांची जुडी आणि दुसरा चिखलात. या चार गोष्टी ज्याने टिपल्या, त्याचं स्मरणचित्र कुठल्याही गाइडहून सरस होईल. पावसाळ्यात धुऱ्यावर उभं राहून नुसत्या पाठीच्या रेघा टिपा. चेहरे, लुगड्यांचे काठ नंतर. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे माणसं घोळक्याने उभी सापडतात. संध्याकाळी भंडाऱ्याच्या खांब तलावाकाठी बसलेली माणसं तर बराच वेळ हलत नाहीत. आधी बसलेल्या माणसापासून सुरुवात करा, चालणारा पुढे.

आईवडिलांना एक विनंती. परीक्षेला मुलांना जरूर बसवा, ७ गुणही घ्या. पण शिकवणी लावण्याआधी तिथे जाऊन पाहा, मुलांसमोर खरी वस्तू ठेवलेली असते का. नसेल तर ती फी वाचवा आणि घरातला गुंड फळीवरून खाली काढा. तो रोज जागा बदलून ठेवा: एकदा फरशीवर, एकदा स्टुलावर, एकदा डोळ्यांच्या पातळीवर. मुलाला त्याचं फक्त तोंड आणि तळ काढू द्या, बाकीचं भांडं पुढच्या आठवड्यात.