पिल्लाचे पोट बिघडले तर



या पानावर आपण लहान बाळांचे जुलाब, बायकांचा रक्तक्षय, म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब यांवर बोलत आलो. या वेळचा रोगी चार पायांचा आहे. विषय वाचून कोणी हसेल, कोणी रागावेलही. पण तो मला लिहायचाच होता, कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली आहे.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. या दिवसांत वस्तीतल्या कुत्र्या वितात आणि गल्लीगल्लीत पिल्ले दिसू लागतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या आठवीतल्या मुलीने विहारामागच्या कुंपणातून एक तांबूस पिल्लू घरी आणले. नाव ठेवले मोती. चौथ्या दिवशी ती धावत माझ्याकडे आली. "ताई, मोतीला जुलाब लागलेत, सकाळपासून दोनदा ओकला पण. तुमच्याकडे गोळी असंल ना?"

मी १७ वर्षे वॉर्डात काढलेली. मला वाटले, त्यात काय एवढे! जुलाब थांबवायच्या गोळीचा पाव तुकडा दिला आणि सांगितले, "आज त्याला काही खायला देऊ नको, पोटाला आराम पडू दे." दुसऱ्या दिवशी पातळ शीतून रक्त पडू लागले. तिसऱ्या दिवशी पोरीने त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले, पण वाटेतच ते गेले. पुढे तिथल्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितले, तेव्हा कळले की माणसाची परिचर्या येते म्हणून जनावराची येतेच असे नाही. जे मला तेव्हा माहीत नव्हते ते आज लिहिते आहे.

"कुत्र्याचे लाड आपण करायचे?"

त्याच दिवसांत विहारात एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, आपल्या बापजाद्यांना गावात कुत्र्याइतकीबी किंमत नव्हती. चवदार तळ्यावर कुत्री पाणी प्यायची अन् आपल्याला बंदी. आता त्याच कुत्र्याला तू औषध पाजतीस?"

आजोबांचे दुःख खरे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला तळ्याचे पाणी प्यायले ते याच अपमानाविरुद्ध. पण माणसाला पाणी नाकारणारी माणसेच होती, त्यात कुत्र्याचा काही दोष नव्हता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची आहे. आपण ती दर वर्षी हात पुढे करून म्हणतो.

दुसरे कारण आरोग्याचे. वस्तीत पिल्लू आणि मूल एकाच फरशीवर, एकाच मातीत खेळतात. पिल्लाच्या पोटातले जंत मुलाच्या अंगात जाऊ शकतात. तेव्हा पिल्लाची काळजी ही मुलाचीही काळजी आहे.

पोट का बिघडते?

१. दूध. आपण पिल्लू आणले की पहिली वाटी गाई-म्हशीच्या दुधाची ठेवतो. पुष्कळ पिल्लांना त्या दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब लागतात.

२. खाण्यात एकदम बदल. काल आईचे दूध, आज रश्श्यात कुस्करलेली भाकरी. तेल, तिखट, मीठ हे त्या आतड्याला सोसत नाही. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. त्याआधी उचलून आणलेली पिल्ले लवकर आजारी पडतात.

३. जंत. रस्त्यावरच्या बहुतेक पिल्लांच्या पोटात जंत असतात. गोल जंत तर जन्माआधी आईच्या पोटातच मिळतात, आणि आकडेकृमी आईच्या दुधातून. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या मात्र दिसतात, शीत किंवा ओकारीत शेवयांसारखे जंत पडतात. आकडेकृमी रक्त पितात, त्यामुळे हिरड्या पांढऱ्या पडतात.

४. नको ते खाणे. प्लास्टिक, चप्पल, कोंबडीची शिजवलेली हाडे, उकिरड्यावरचे शिळे.

५. पार्व्हो. हा विषाणूचा आजार सगळ्यांत घातक. साधारण दीड ते सहा महिन्यांच्या, लस न टोचलेल्या पिल्लांना तो जास्त होतो. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणून पिल्लू आणताना उड्या मारत असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आडवे होते. घरचे म्हणतात नजर लागली. मोतीचेही तसेच झाले. तो आजार घेऊनच घरी आला होता.

आधी पिल्लाला नीट पाहा

औषध शोधण्याआधी पाच मिनिटे पिल्लाजवळ बसा.

ते खेळते का, हाक मारली की मान वर करते का? ओठ उचलून हिरडी पाहा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटाला चिकट-कोरडी लागली तर अंगातले पाणी कमी झाले आहे. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक, हळूहळू बसली तर पाणी बरेच गेले आहे. फार रोडावलेल्या पिल्लात ही खूण फसवते, म्हणून हिरडी पाहाच. शी किती वेळा झाली, रंग कोणता, रक्त किंवा जंत आहेत का, ओकारी किती वेळा झाली, हे कागदावर लिहा. आपण वॉर्डात तक्ता ठेवतो तसेच. हा कागद डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

घरी काय करावे?

पिल्लू खेळते आहे, ओकारी नाही, रक्त नाही, फक्त शी पातळ आहे, अशा वेळीच एक दिवस घरी काळजी घेऊन पाहावी.

- दूध बंद करा. स्वच्छ पाणी सतत समोर ठेवा.
- ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यातले एकेक चमचा दर १०-१५ मिनिटांनी द्या. चाटत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब सोडा. मान मागे वाकवून घशात ओतू नका, पाणी फुप्फुसात जाते. उरलेले २४ तासांनी फेकून द्या.
- मऊ शिजवलेला भात दोन वाटे आणि उकडलेली बिनहाडाची कोंबडी एक वाटा, कुस्करून. मीठ, तेल, हळद, मसाला काही नाही. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा. कोंबडी परवडत नसेल तर उकडलेले अंडे कुस्करून घाला.
- शी घट्ट झाल्यावरही दोन-तीन दिवस हेच द्या. मग पाच-सहा दिवसांत नेहमीचे खाणे थोडे थोडे वाढवा.
- ऊब द्या. गोणपाटावर जुनी साडी अंथरा, गार फरशीवर ठेवू नका.

काय करू नये?

उपाशी ठेवू नका. मोठ्या माणसाला लंघन सोसते. तीन महिन्यांखालच्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो, काही तासांतच रक्तातली साखर उतरते, ते गळून जाते, झटकेही येतात. ही माझी पहिली चूक.

माणसाची गोळी देऊ नका. जुलाब थांबवायच्या गोळीने आतडे सुस्त होते आणि आतली घाण आतच राहते. ही माझी दुसरी चूक. अंग गरम लागले म्हणून पॅरासिटामोल किंवा आयब्युप्रोफेनही देऊ नका, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात. आणि हे लक्षात घ्या की कुत्र्याचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला कधीच देऊ नयेत.

पोटावर डाग देणे, दारू पाजणे, अंगारा लावणे, गळ्यात दोरा बांधणे यांतले काहीही करू नका. या गोष्टी आपण माणसांसाठी सोडल्या, मग मुक्या जनावरावर कशाला?

लगेच दवाखान्यात कधी न्यावे?

- शीत रक्त, किंवा फार उग्र घाण वास
- वारंवार ओकारी, पाणीही पोटात न टिकणे
- पिल्लू गळून पडणे, मान न उचलणे, झटके
- हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या
- पोट कडक फुगलेले, हात लावला की कळवळणे
- एक दिवसात आराम न पडणे; दोन महिन्यांखालचे पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहू नका

पिल्लू गळाले असेल तर बोटावर साखरेचे पाणी घेऊन हिरडीला चोळा आणि निघा. मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली, ही तिसरी चूक. पार्व्हो मारणारे थेट औषध नाही. सलाईन, ओकारी थांबवायचे इंजेक्शन आणि इतर जंतूंसाठी प्रतिजैविके यांवर पिल्लू लढते. वेळेवर नेलेली पुष्कळ पिल्ले वाचतात, न नेलेली बहुतेक दगावतात.

खर्चाची भीती वाटते हे मी जाणते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय-बैलांसाठीच असतात असे पुष्कळांना वाटते, पण तिथे कुत्र्यालाही तपासतात आणि फी थोडी असते. मुंबईत परळ, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर आणि अकोला येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये किंवा संस्था आहेत, त्यांच्या दवाखान्यात चौकशी करा.

पार्व्होनंतर घराची सफाई

हा विषाणू माणसाला होत नाही. पण फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्याला तो महिनोन्महिने, वर्षभरही टिकतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३० भाग असे करून फरशी १० मिनिटे ओली ठेवा. खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही ॲसिड किंवा फिनाइल मिसळू नका. भांडी धुवा, गोणपाट जाळू नका, पिशवीत बांधून टाका. मातीच्या अंगणात ब्लीच नीट लागू पडत नाही. म्हणून त्या जागी वर्षभर लस न टोचलेले पिल्लू आणू नका.

घरातल्या मुलांसाठी

पिल्लाची शी त्याच दिवशी, हातात पिशवी घालून उचला. गोल जंताची अंडी मातीत काही आठवडे राहिली की मगच दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. ताजी शी उचलली तर ती साखळी तिथेच तुटते. आकडेकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, म्हणून मुलांना चप्पल घालायला लावा. पिल्लाला हात लावल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचेच. पिल्लाचे ताट वेगळे ठेवा, आणि त्याला मुलांचे तोंड चाटू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिल्लालाही रेबीज असू शकतो. रस्त्यावरून आणलेले पिल्लू लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल, विचित्र वागत असेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. दात लागला, ओरखडा निघाला किंवा जखमेवर लाळ पडली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करायचे असतात. "लहान तर पिल्लू आहे" म्हणून सोडू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

लक्षात ठेवायचे वेळापत्रक

- जंताचे औषध: दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला, दोन ते तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांकडूनच घ्या.
- पार्व्हो, डिस्टेंपरची लस: सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकच सुई टोचून थांबू नका.
- रेबीजची लस: तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दर वर्षी.

नवीन पिल्लू आणले तर पहिल्याच आठवड्यात, आजाराची वाट न पाहता, दवाखान्यात दाखवा. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला गल्लीतल्या इतर कुत्र्यांत सोडू नका.

मोती गेल्यावर ती मुलगी बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या घरी जाऊन सांगितले, "बाळा, चूक माझी झाली." ती म्हणाली, "मग ताई, सगळ्यांना सांगा ना." यंदा तिने पिल्लू घरी आणले नाही, कारण अंगणाचे वर्ष अजून भरायचे आहे. पण विहारामागे पुन्हा चार पिल्ले झाली आहेत. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी खाऊचे पैसे जमवले आणि जंताच्या औषधासाठी डॉक्टरांना वस्तीत बोलावून आणले. पिल्ले धरून बसायला ते आजोबाही आले होते. एक पिल्लू त्यांच्या धोतरावर मुतले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

नमो बुद्धाय. जयभीम.