घरचा सामना, बाहेरचा सामना: वेळापत्रकामागचं गणित

मंडळी, तुमच्यापैकी कुणी नॉर्थ कॅरोलायनात राहत असेल, तर ड्यूक आणि यूएनसी यांच्या बास्केटबॉल सामन्याच्या संध्याकाळी रस्ते कसे ओस पडतात हे वेगळं सांगायला नको. डरॅम आणि चॅपल हिल ही दोन गावं अगदी शेजारी-शेजारी. राज्यातली आणखी दोन विद्यापीठं, रॅलीची एनसी स्टेट आणि विन्स्टन-सेलमची वेक फॉरेस्ट, याच एसीसी लीगमध्ये आहेत. या चौघांचं वेळापत्रक लावणं सोपं वाटतं ना? मग कागद-पेन्सिल घ्या.

नियम असा: प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा बाहेर. म्हणजे सहा दिवस, बारा सामने. ड्यूक-यूएनसी सामना शेवटच्या दिवशी हवा, कारण उत्सुकता शेवटपर्यंत टिकते. आणि शक्यतो घर-बाहेर-घर-बाहेर अशी आलटूनपालटून पाळी हवी. खेळाडू विद्यार्थी आहेत. बाहेरचा सामना म्हणजे प्रवास आणि बुडालेले तास.

आधी पहिले तीन दिवस लावू.

पहिला दिवस: वेक ड्यूककडे, यूएनसी स्टेटकडे.
दुसरा दिवस: ड्यूक स्टेटकडे, वेक यूएनसीकडे.
तिसरा दिवस: यूएनसी ड्यूककडे, स्टेट वेककडे.

पुढचे तीन दिवस हेच सामने याच क्रमाने, फक्त यजमान बदलून. आता प्रत्येकाची पाळी लिहा (घ म्हणजे घरी, बा म्हणजे बाहेर):

ड्यूक: घ बा घ बा घ बा
यूएनसी: बा घ बा घ बा घ
स्टेट: घ घ बा बा बा घ
वेक: बा बा घ घ घ बा

ड्यूक आणि यूएनसीची पाळी अगदी आखीव. स्टेटला मात्र सलग तीन सामने बाहेर! आपली काही चूक झाली का? नाही. आलटूनपालटून खेळण्याच्या पद्धती दोनच: घरापासून सुरुवात किंवा बाहेरून सुरुवात. ज्या दोन संघांची पाळी तंतोतंत सारखी, ते एकमेकांशी कधीच खेळू शकत नाहीत, कारण दोघेही एकाच दिवशी घरी असतात किंवा दोघेही बाहेर. म्हणून संघ कितीही असोत, अशी आखीव पाळी फार तर दोघांनाच मिळते. बाकीच्यांची लय कुठेतरी मोडणारच.

पण ओझं वाटून घेता येतं. पहिल्या तीन दिवसांतला तिसरा दिवस उचलून सर्वांत आधी ठेवा. पुढचे तीन दिवस तसेच राहू द्या. आता ड्यूक-यूएनसी सामना पहिल्याही दिवशी येतो आणि शेवटच्याही:

ड्यूक: घ घ बा बा घ बा
यूएनसी: बा बा घ घ बा घ
स्टेट: बा घ घ बा बा घ
वेक: घ बा बा घ घ बा

आधी लय एकूण सहा वेळा मोडत होती, आता आठ वेळा. बेरीज वाढली! पण आता प्रत्येकाची दोनदाच मोडते आणि सलग तीन सामने बाहेर कुणालाच नाहीत. सगळ्यांची मिळून गैरसोय कमी करायची, की ती समान वाटायची? हा निर्णय गणित देत नाही. गणित एवढंच दाखवतं की दोन्ही एकदम मागितलं तर काय किंमत पडते.

खऱ्या लीगमध्ये हे फार गुंतागुंतीचं होतं. १९९७-९८च्या हंगामात एसीसीत नऊ संघ होते, म्हणजे ७२ सामने. शिवाय टीव्हीच्या मागण्या वेगळ्याच. ते वेळापत्रक जॉर्ज नेमहाउझर आणि मायकेल ट्रिक या दोन संशोधकांनी संगणकावर बसवलं. त्यांची युक्ती आपल्यासारखीच: आधी फक्त घर-बाहेरच्या पाळ्या ठरवायच्या, मग कोणत्या पाळीने कोणत्या पाळीशी कधी खेळायचं ते, आणि संघांची नावं सर्वांत शेवटी भरायची.

२०२४ पासून या लीगमध्ये १८ संघ आहेत. सगळ्यांशी दोनदा खेळायचं तर प्रत्येकाला ३४ सामने! ते अशक्य, म्हणून आता कुणाशी दोनदा आणि कुणाशी एकदाच, हेही ठरवावं लागतं.

तुमच्या मंडळाच्या पुढच्या स्पर्धेत सहा संघ असतील, तर एकेरी फेरीचं वेळापत्रक लावून पाहा. किमान चार संघांची लय मोडेलच. ते चार कोण, हे मात्र आधी सगळ्यांना विचारून ठरवा!