बाया येतात, बोलावता आलं पाहिजे

वर्धा

चि. मनीषा,

समुद्रपूर तालुक्यातल्या उपकेंद्रावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. फोनवर म्हणालीस, ‘‘आत्या, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला बायाच येत नाहीत.’’ हे वाक्य अहवालात लिहिण्याआधी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं काम आठव. १९९९ पासून टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० बायांचा अभ्यास केला. ज्यांना तपासणीसाठी बोलावलं, त्यांतल्या शंभरातल्या जवळपास ऐंशी जणी आल्या. ज्या गटात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू न तपासलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. त्याही शेतमजुरी करणाऱ्या, लाजणाऱ्या, सासरच्या धाकातल्याच बाया होत्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरात दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. म्हणून बाईला अडाणी म्हणू नकोस. बोलावण्याची रीत बदल.

कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिर ठेवलंस तर तिची मजुरी बुडते. बचत गटाच्या बैठकीत दिवस त्यांनाच ठरवू दे. सासूलाही बोलाव, तिचं वय ६५ च्या आत असेल तर तपासणी तिचीही आहे. ‘‘मला काही त्रास नाही,’’ असं कुणी म्हटलं तर सांग, त्रास नसतानाच यायचं असतं. हा आजार एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि कॅन्सर होण्याआधी पेशी कित्येक वर्षं गुपचूप बदलत राहतात. तेवढ्या काळात तो थोपवता येतो. पण पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल, तर शिबिराची वाट पाहू देऊ नकोस. तिला लगेच डॉक्टरकडे पाठव.

खोलीला पडदा आणि आतून कडी हवीच. काय करणार ते आधी सांग: अॅसिटिक अॅसिडचं पातळ द्रावण लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, हे दोनदा सांग. निकाल चारचौघींत बोलू नकोस. विषाणूवरून कुणाच्या चारित्र्याचा विषय निघाला तर तिथेच थांबव. सांग, तो विषाणू अंगात वर्षानुवर्षं राहू शकतो, कधी आला ते त्यावरून ठरत नाही.

डाग दिसलेल्या बाईच्या हातात नुसती चिठ्ठी देऊ नकोस. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कुठे जायचं, कोणत्या वारी, सोबत कोण, हे तिच्याशी बसून ठरव. जमेल तेव्हा आशाताईला बरोबर धाड. तपासून वाऱ्यावर सोडलेली एक बाई गावातल्या इतर बायांचा विश्वास घालवते.

रजिस्टरमध्ये ‘तपासणी झाली’ या रकान्याशेजारी ‘उपचार पूर्ण’ असा रकाना आख. वरून कुणी विचारो न विचारो, दर महिन्याला तो भर. आणि पहिलं नाव तुझ्या आईचं लिही.

तुझी,
आत्या