शॉकअप पिळण्याआधी टायरची हवा बघा

पुळणीवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्ही माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्या बहुतेक एकच तक्रार घेऊन. "भाऊ, गाडी खाली बसते, वाळूत रुतते. नवे शॉकअप टाकलेत, जरा वर उचलून द्या." आरे-वारे असो, गणपतीपुळे असो की तिकडे गुहागर, मागणी तीच.

गेल्या हंगामात एका मालकाने मूळचे काढून लांब शॉकअप बसवले आणि स्प्रिंगवरची कॉलर जाईल तितकी पिळली. गाडी दिसायला झकास झाली. सुटीच्या गर्दीत सुरूच्या बनाकडच्या उतारावर आडवं वळताना वरच्या अंगाची दोन्ही चाकं उचलली आणि गाडी कलंडली. पुढे मुलगा, मागे त्याचे वडील. दोघे वाळूत फेकले गेले, गाडी अंगावर आली नाही म्हणून निभावलं. टेम्पोतून ती माझ्याकडे उतरवली तेव्हा मी शॉकअपकडे न बघता आधी टायर दाबला. दगड! हवा पेट्रोल पंपावर भरलेली.

एटीव्हीचा तो फुगीर टायर साधारण चार-पाच पीएसआयवर चालतो. मोटारसायकलला पंचवीस-तीस लागते, आणि पंपावरचा पोरगा हाताच्या सवयीने तशीच भरतो. एवढ्या हवेने टायर वाळूवर पसरत नाही, वाळू कापत खाली जातो. म्हणजे दुखणं हवेत आणि औषध शॉकअपला. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो, टायरवर कमाल मर्यादा छापलेली असते. कमी दाब दाखवणारा वेगळा गेज मात्र घ्यावाच लागतो, नेहमीच्या गेजवर चार आणि सहातला फरक कळत नाही.

आता कॉलर. ती पिळली की स्प्रिंग कडक होते, असं निम्मी गॅरेजं सांगतात. तसं नसतं. सरळ वेटोळ्यांची स्प्रिंग जेवढी कडक होती तेवढीच राहते. बदलते ती माणूस बसल्यावर गाडी किती खाली येते ती बैठक. शॉकअप दांडीच्या मधोमध कुठेतरी अडकवलेला असतो, त्यामुळे कॉलर एक सेंटिमीटर सरकवली तर गाडी दीड-दोन सेंटिमीटर उचलली जाते. वजन वर जातं, चाकांमधलं अंतर मात्र आहे तेवढंच, म्हणून उतारावर उलटायला ती लवकर तयार होते. शिवाय खळग्यात चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि हॅण्डल हातात झटके मारतं. बैठक बरोबर असूनही गाडी खालच्या रबरावर आपटत असेल तर जाड स्प्रिंग घ्या. आणखी आटे पिळून ते साधत नाही.

मोजायला फार हत्यारं लागत नाहीत. आधी डावी-उजवी हवा सारखी करा. चौकटीखाली जॅक लावून चाकं लोंबती ठेवा आणि आसाच्या मध्यापासून मडगार्डच्या बोल्टपर्यंतची उंची टेपने घ्या. मग गाडी खाली उतरवा, नेहमी चालवणारा माणूस वर बसवा, दोन-तीनदा दाबून गाडी चार पावलं ढकला. हे ढकलणं विसरू नका. जॅकवरून उतरताना पुढची चाकं आत ओढलेली असतात, टायर जमिनीला धरून बसतात आणि माप खोटं येतं. आता तीच उंची पुन्हा घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे गाडीची बैठक. चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ती असावी. हालचाल १८ सेंटिमीटर असेल तर सुमारे सहा. ती कलंडलेली गाडी आली तेव्हा बैठक जेमतेम बोटभर होती.

कॉलर फिरवताना चाकं पुन्हा अधांतरी घ्या, हूक पान्याने आधी वरची लॉक रिंग सैल करा, आणि उघडे आटे पट्टीने मोजून लिहून ठेवा. डावी-उजवी अंदाजाने कधीच सारखी होत नाही. नुसतं मागचं उचललं तर नाक खाली जातं आणि हॅण्डल उतावळं होतं. उंची बदलली की पुढच्या चाकांची दिशा आणि मागची चेनही तपासायची. चेनचा ढिलेपणा माणूस बसवूनच बघा, नाहीतर वर बसल्यावर ती ताणून तुटायला येते.

राहिला मागे बसलेल्या वडिलांचा प्रश्न. लांब सीट बघून सगळेच दोघांना बसवतात. बऱ्याच एटीव्ही एका माणसासाठीच असतात. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे, आडवं सरकून तोल सांभाळता यावा म्हणून. मागे माणूस आला की ती जागाच संपते. दोघांच्या वजनाला कॉलर पिळून ठेवली तर पुढच्या फेरीला एकटी बसलेली कॉलेजातली मुलगी त्या ताठ गाडीवर उडत जाते. माझ्याकडच्या भाड्याच्या गाड्या मी एका मोठ्या माणसावर लावून देतो आणि मालकाला तसं स्पष्ट सांगतो. एक-दोघांनी येणं सोडलं, त्याला इलाज नाही.

आणि बनाजवळच्या कोरड्या वाळूत चढायचा हट्ट कशाला? ओहोटीची ओली, घट्ट पट्टी फिरायला पुरते. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं वरच्या कोरड्या वाळूतच अंडी घालतात. वेळास, गुहागर, गणपतीपुळे, सगळीकडे.

पावसाळ्यात गाड्या शेडमध्ये उभ्या राहतात आणि खारं वारं कॉलरला ॲल्युमिनियमवर चिकटवून टाकतं. दिवाळीआधी हातोडी-छिन्नी घेऊन आलेले मी पाहिलेत. आटे गेले की अख्खा शॉकअप गेला. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने वाळू धुवा, शेडमध्ये ठेवण्याआधी ब्रशने आटे साफ करून तेलाचा फवारा मारा आणि लॉक रिंग एकदा सोडून परत आवळून ठेवा.