मोटारीचा उघडझाप करणारा दिवा

चामोर्शी भागांत मोटारगाडी ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें व औषधें आणणें, रुग्णास गडचिरोलीस नेणें, महाशिवरात्रीस घरची मंडळी मार्कंड्याच्या यात्रेस पोंचविणें, हीं सर्व कामें तिच्यावर येऊन पडलीं आहेत. बैलानें रवंथ थांबविला तर जो शेतकरी तत्काळ सावध होतो, तोच गाडीची सूचना पाहूनही पुढें हांकीत राहतो. म्हणून तिच्या एका सूचनेचा येथें विचार करूं.

चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवितांच तो लागतो व इंजिन सुरू झाल्यावर विझतो. हें योग्यच आहे. चालत्या गाडींत तो लागून स्थिर राहिला, तर इंजिनाच्या किंवा धूरशुद्धीच्या व्यवस्थेंत दोष आहे असें समजावें. गाडी नीट चालत असेल, तर सवडीनें पण लवकर तपासणी करावी. परंतु तोच दिवा उघडझाप करूं लागला, तर पेट्रोल गाडींत त्याचा अर्थ बहुधा असा, कीं एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल पेटत नाहीं, आणि गाडी तशीच चालविली तर मोठें नुकसान होईल.

हें गाडीस कसें कळतें? बंडीच्या जोडींतील एका बैलाचें पाऊल चुकलें, तर बंडीस हिसका बसतो. तसाच एका सिलिंडराचा स्फोट चुकला, कीं इंजिनाच्या फिरत्या दांड्याची गति क्षणभर मंदावते. तें मंदावणें गाडींतील संगणक मोजतो. चालकास तेंच थरथर, धक्के व घटलेली ओढ या रूपानें जाणवतें.

न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर नळींत उतरतें. तेथें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाची धूर शुद्ध करणारी डबी असते. तिच्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. हें पेट्रोल तिच्यांत जळूं लागतें. आधींच कित्येक शें अंश तापलेली डबी आणखी तापते व आंतील जाळी वितळूं शकते. मग स्वस्तांतल्या प्लगाचें काम महागड्या डबीवर जातें.

आमच्या जंगलपट्टींत याहून मोठें भय आहे. तापलेली डबी गाडीच्या पोटाशीं असते. उन्हाळ्यांत सागाच्या वाळलेल्या पानांवर, किंवा खळ्यांत तणसावर व धानाच्या पुंजण्याशेजारीं अशी गाडी उभी केली, तर आग लागण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून दिवा उघडझाप करतांच पाय हलका करावा, ओढ कमी करावी, आणि पानें व गवत नसलेली मोकळी, मुरमाड जागा पाहून इंजिन बंद करावें. गाडींत रुग्ण असेल, तर गाडीपेक्षां जीव मोठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा दुसरें वाहन मिळवावें. तेंही न मिळालें, तर हलक्या ओढीनें सावकाश जवळचें ठिकाण गांठावें. तेलाचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागला असेल, तर मात्र इंजिन मुळींच चालवूं नये.

आतां निदान. धानाचें पान पिवळें दिसलें म्हणजे दरवेळीं युरियाच कमी असतो असें नाहीं, तसेंच येथें. दोषाचा अंक गाडी स्वतःच नोंदवून ठेवते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या गाड्यांत ही व्यवस्था आहे, व त्यापूर्वींच्याही कित्येक गाड्यांत आहे. स्टिअरिंगखालील खांचेंत लहानसें वाचनयंत्र लावलें, कीं अंक दिसतो. पी ०३०० म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरांत चूक. पी ०३०१ म्हणजे पहिल्यांत, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यांत. दिवा घालविण्यासाठीं बॅटरीची तार काढूं नये. त्यानें पुरावाच नाहींसा होतो.

समजा, अंक पी ०३०१ आला, व प्रत्येक प्लगास स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें. पहिली व दुसरी कॉइल अदलाबदल करावी, अंक पुसावा व थोडा वेळच इंजिन चालवून पाहावें. दोष पी ०३०२ झाला, तर कॉइल वाईट. तो पहिल्यांतच राहिला, तर प्लग काढून पाहावा: चिनीमातीस तडा, काजळी, तेलाचा ओलावा किंवा झिजलेलें टोंक दिसतें काय? प्लग चांगला असेल, तर इंजेक्टर, हवेची फुटकी नळी व शेवटीं सिलिंडराचा दाब कारागिराकडून तपासावा. इंजिन चालूं असतां तार उपसून ठिणगी पाहण्याची जुनी रीति सोडावी. हजारों व्होल्टचा धक्का बसतो, आणि न जळलेलें पेट्रोल पुन्हां डबींतच जातें.

आमच्याकडे दोन कारणें विशेष पाहावींत. धान घरीं आल्यावर उंदीर बोनेटखालीं शिरतात व तारा कुरतडतात. दुसरें, हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें व तें पाणी ओढतें. पावसाळ्यांत उघड्या डब्यांत सांठविलेलें पेट्रोल म्हणूनच टाकींत ओतूं नये. डिझेल गाडींत प्लगाची ठिणगी नसते. तेथें दिव्याचा अर्थ गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत पाहावा.

दुरुस्तीनंतर गाडी फिरवून अंक परत येत नाहीं याची खात्री करावी. दिवा स्थिर असेल तर तपासणीची वेळ ठरवावी. उघडझाप करीत असेल तर थांबावें, आणि थांबण्यापूर्वीं चाकाखालीं काय आहे तें पाहावें. एवढें घरांतील प्रत्येक चालकानें ध्यानांत ठेवलें, तर गाडीही वांचेल आणि गांवचें रानही.